संकलक रात्री का पडतो? सिग्नल हँडलरच्या तपासाच्या नोंदी

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

द्राक्षबागांतल्या हवामान केंद्रांकडून वाचनं गोळा करणारा आपला संकलक रात्री पडतोय. प्रोग्रॅम सी भाषेत आहे आणि डेबियन १२ वर सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिसा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) देखरेखीखाली चालतो. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणाऱ्या कामाच्या धारा, दोन. एक केंद्रांकडून टीसीपीवर पॅकेट घेतो आणि त्यातलं जेसॉन (मजकुरात मांडलेला डेटा) फोडतो, दुसरा ते डेटाबेसात लिहितो. दिवसभर सगळं सुरळीत असतं.

हे दिवस ऑक्टोबर छाटणीचे. कोवळ्या फुटीवर केवडा रोग येईल का आणि फवारणी घ्यावी का, हे ठरवताना पान रात्रभर किती तास ओलं राहिलं ते पाहावं लागतं. निफाडकडच्या एका बागायतदारांचा सकाळीच फोन आला: "मॅडम, साडेबारापासून पहाटेपर्यंत ओलावा कोरा दाखवतोय. आम्ही फवारा घ्यायचा का थांबायचं?" उत्तर द्यायला माझ्याकडे आकडाच नव्हता. त्यामुळे बाकीची कामं बाजूला ठेवून हेच घेतलंय.

जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) मागच्या काही आठवड्यांतले प्रकार तीन दिसतात. काही रात्री "६/अ‍ॅबॉर्ट" आणि सोबत कोअर फाइल, म्हणजे पडतानाच्या मेमरीची प्रत. काही रात्री नुसतं "१/फेल्युअर", त्याआधी लॉगमध्ये अर्धवट तुटलेली एक ओळ, आणि कोअर नाही. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: जर्नलमध्ये काहीच नाही, प्रोसेस जिवंत, पण डेटा येणं बंद. पहिल्या दोन प्रकारांत सिस्टमडी पाच सेकंदांत प्रोग्रॅम पुन्हा उभा करतो, त्यामुळे खंड जेमतेम जाणवतो. तिसऱ्यात प्रोग्रॅम पडलेलाच नसतो, म्हणून सिस्टमडीच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. सकाळी कुणीतरी पाहीपर्यंत रात्र वाया जाते. तिन्ही प्रकारांची वेळ मात्र एकच: मध्यरात्र ते एकच्या दरम्यान.

आज दोनच बदल केले. बिल्डमध्ये डीबग माहिती ठेवून ती वेगळ्या फाइलमध्ये काढली, म्हणजे सर्व्हरवरची बायनरी लहान राहील आणि कोअर वाचताना नावं आणि ओळ क्रमांक मिळतील. दुसरं, सिग्नल म्हणजे चालू प्रोसेसला मध्येच थांबवून दिला जाणारा निरोप आणि हँडलर म्हणजे तो आला की चालणारं फंक्शन; सिगसेगव्ही, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा सिग्नल, पकडणारा एक जुना हँडलर प्रोग्रॅममध्ये होता तो काढून टाकला. तो बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती साखळी) छापून एक्झिट करायचा. "१/फेल्युअर"चं आणि कोअर न मिळण्याचं कारण तोच. मोडलेल्या हीपवर (चालताना मागून घेतलेल्या मेमरीच्या साठ्यावर) उभं राहून बॅकट्रेसची नावं काढायला तो पुन्हा मॅलॉकच (त्या साठ्यातून मेमरी देणारं फंक्शन) मागायचा, म्हणून ओळ अर्ध्यात तुटायची. कर्नल आपणहून अख्खी कोअर लिहायला तयार असताना आपण मध्ये हात घालू नये.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

काल कोजागिरीच्या रात्री अ‍ॅबॉर्ट झाला आणि कोअर हाती आली. जर्नलमध्ये जीलिबसीचा (सीची मूळ लायब्ररी, मॅलॉक तिच्यातलाच) निरोप होता: "मॅलॉक(): अनअलाइन्ड टीकॅश चंक डिटेक्टेड". बॅकट्रेस सरळ पार्सरमध्ये, म्हणजे जेसॉन फोडणाऱ्या कोडमध्ये, जातो: पॅकेट फोडणारं फंक्शन, त्यातून नवा नोड, त्यातून मॅलॉक, तिथे अ‍ॅबॉर्ट.

माझ्यासोबत काम करणारा मुलगा लगेच म्हणाला, "ताई, पार्सरच बदलून टाकूया का? दुसऱ्या चांगल्या लायब्रऱ्या आहेत."

"थांब जरा. मॅलॉकने इथे फक्त बोंब मारलीये. मोडतोड कुठे झाली ते अजून दिसलेलं नाही."

हीप बिघडते एका जागी आणि कळतं दुसऱ्याच जागी. मोकळ्या तुकड्यांच्या यादीत एकाने कचरा लिहून ठेवलेला असतो आणि पुढे कधीतरी त्या यादीतून तुकडा मागणारा निरपराध कॉल पडतो. पार्सर दिवसभर सतत मॅलॉक करतो, म्हणून पडताना बहुतेक वेळा तोच सापडणार. एवढ्या पुराव्यावर त्याला दोषी धरता येत नाही.

तरीही साठवलेली पॅकेटं मेमरीच्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरखाली दुपारभर चालवली, नंतर व्हॅलग्राइंडखाली. दोन्हीकडे स्वच्छ. दोन्ही अवजारं जीलिबसीचा मॅलॉक बाजूला सारून स्वतःचा वापरतात, तेव्हा टीकॅशच्या (जीलिबसीच्या मॅलॉकमधल्या मोकळ्या तुकड्यांच्या साठ्याच्या) आतली शर्यत, म्हणजे एक काम अर्धवट असताना दुसऱ्याने त्याच जागी हात घालणं, तिथे दिसायचीच नाही. शिवाय आपण दिली ती फक्त पॅकेटं. मध्यरात्री प्रोग्रॅमला आणखी काहीतरी मिळत असणार.

टायमरांची यादी काढली. जुन्या लॉग फाइली बाजूला काढणारा लॉगरोटेट रोज मध्यरात्री चालतो आणि त्याच्या टायमरमध्ये एका तासापर्यंतची मुद्दाम ठेवलेली ढील आहे. आपल्या नोंदीत फाइल बदलून झाल्यावर संकलकाला सिगहप हा सिग्नल पाठवायची आज्ञा आहे, म्हणजे प्रोग्रॅम जुनी लॉग फाइल बंद करून नवी उघडेल. मध्यरात्र ते एक. आता बघायचं कुठे ते कळलं.

सिगहपचा हँडलर उघडला. हँडलरच्या आतच लोकलटाइमने तारीख काढणं, जुनी फाइल एफक्लोजने बंद करणं, नवी एफओपनने उघडणं आणि तिच्यात "लॉग पुन्हा उघडला" ही पहिली ओळ एफप्रिंटएफने लिहिणं, असं सगळं आहे. यातलं एकही फंक्शन हँडलरमधून बोलवायच्या लायकीचं नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

रात्री प्रोसेस लटकली आणि सकाळी ती जिवंत सापडली. पुन्हा चालू करायच्या आधी तिला जीडीबी (डीबगर) जोडला. एसट्रेसमध्ये (कर्नलकडे जाणारे कॉल दाखवणाऱ्या अवजारात) एकच ओळ आणि ती पुढे सरकतच नाही: फ्युटेक्स वेट, म्हणजे लॉकची वाट. मुख्य थ्रेडचा बॅकट्रेस, मधल्या काही ओळी गाळून:

#० लो-लेव्हल-लॉक-वेट
#१ मॅलॉक
#२ फाइल-डूअलोकेट
#३ एफप्रिंटएफ
#४ लॉग_पुन्हा_उघड
#५ <सिग्नल हँडलर कॉल्ड>
#६ इंट-मॅलॉक
#७ मॅलॉक
#८ नोड_नवा
#९ पॅकेट_फोड

हा खालून वर वाचायचा. पॅकेट फोडताना पार्सरला नोड हवा होता, त्याने मॅलॉक बोलावला. मॅलॉकने एरिनाचं (त्याच्या मुख्य साठ्याचं) लॉक घेतलं आणि आतल्या कामाला लागला. तेवढ्यात सिगहप आला. कर्नलने त्या थ्रेडला आहे तिथे थांबवून त्याच्याच स्टॅकवर हँडलर चढवला. पाचव्या क्रमांकाची कोनी कंसातली ओळ म्हणजे तो सांधा. हँडलरने नवी फाइल उघडली आणि पहिली ओळ लिहायला घेतली. पहिल्या लिखाणाला ४०९६ बाइटचं बफर लागतं, म्हणून पुन्हा मॅलॉक. त्याने तेच एरिनाचं लॉक मागितलं. लॉक ज्याच्याकडे आहे तो थ्रेड हँडलर संपल्याशिवाय हलणार नाही, आणि हँडलर लॉक मिळाल्याशिवाय संपणार नाही. दोघे एकच थ्रेड आहेत. प्रलयापर्यंत हे असंच राहणार.

हा ट्रेस वाचताना मला खरोखर हायसं वाटलं. आतापर्यंत तीन वेगवेगळी दुखणी वाटत होती, ती आता एका मुळाशी जोडता येतात.

तिसरं दुखणं, लटकणं, हे झालं. पहिल्याचं, म्हणजे अ‍ॅबॉर्टचं, कारण टीकॅश. जीलिबसीच्या २.२६ आवृत्तीपासून (२०१७) प्रत्येक थ्रेडला मोकळ्या तुकड्यांचा स्वतःचा छोटा साठा मिळाला. ६४-बिट यंत्रावर १०३२ बाइटपर्यंतच्या मागण्या त्यातून भागतात आणि प्रत्येक मापाचे सात तुकडे त्यात राहतात. साठा ज्याचा त्याचा असल्याने त्याला लॉक नाही. त्याचा वेग त्यातूनच येतो, आणि आपली अडचणही तिथेच आहे. यादीतून तुकडा घ्यायचा म्हणजे आधी डोक्यावरचा पॉइंटर वाचायचा, मग त्याच्या पुढचा तुकडा यादीच्या डोक्यावर ठेवायचा. या दोन पायऱ्यांच्या मध्ये सिग्नल आला आणि हँडलरमधल्या एफओपनने त्याच मापाचा तुकडा मागितला, तर त्याला तोच तुकडा मिळतो. एकाने खतावणीत जमेची ओळ लिहिली, नावेची लिहायची आहे, आणि तेवढ्यात दुसरा येऊन त्याच पानावर आपला व्यवहार उरकून गेला, तसं हे. हँडलर परतल्यावर पार्सरही तोच तुकडा घेऊन बसतो. आता एकाच जागेला दोन मालक: एकाच्या मते तिथे फाइलची रचना आहे, दुसऱ्याच्या मते जेसॉनचा नोड. शिवाय "पुढचा तुकडा कुठला" हे ज्या आठ बाइटांत होतं त्यावर एफओपनने केव्हाच स्वतःचं काही लिहिलेलं असतं. तो कचरा यादीच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि पुढच्या मागणीला जीलिबसी ओरडतो.

दुसरं दुखणं, सिगसेगव्ही, एफक्लोजमुळे. मुख्य थ्रेड जुन्या लॉगमध्ये एफप्रिंटएफ करत असताना हँडलरने तीच फाइल बंद केली. फाइलला लॉक असतं, पण ते त्याच थ्रेडला पुन्हा आत येऊ देतं. त्यामुळे हँडलर अडत नाही. तो बफर आणि फाइलची रचना दोन्ही मोकळी करून निघून जातो. परतल्यावर एफप्रिंटएफ मोकळ्या केलेल्या जागेत लिहीत राहतो.

म्हणजे सिगहप कोडमधल्या नेमक्या कुठल्या सूचनेवर येतो त्यावर दुखणं ठरतं. टीकॅशमध्ये आला तर अ‍ॅबॉर्ट, एरिनाच्या लॉकमध्ये आला तर लटकणं, लॉग लिहिताना आला तर सेगफॉल्ट. ईपोलवर (पॅकेटांची वाट बघणाऱ्या कॉलवर) झोपलेला असताना आला तर काहीच नाही.

बहुतेक रात्री हेच शेवटचं घडतं. केंद्रं दर पंधरा मिनिटांनी एकदम पॅकेटं पाठवतात, मधल्या वेळात संकलक झोपून असतो. लॉगरोटेटची ढील ज्या रात्री नेमकी पाव तासाच्या ठोक्यावर येते तीच रात्र धोक्याची. ऑक्टोबरातच तक्रारी का वाढल्या तेही समजलं: छाटणीच्या आधी नवी केंद्रं जोडली गेली, त्यामुळे ठोक्यावरचं काम लांबलं आणि सिग्नलला सापडायची खिडकी रुंद झाली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आता हे हुकमी घडवता आलं पाहिजे. मध्यरात्रीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. एका टर्मिनलमध्ये साठवलेली पॅकेटं न थांबता संकलकावर सोडली, दुसऱ्यात शेलचं साधं चक्र: सिगहप पाठव, दहा मिलिसेकंद थांब, पुन्हा पाठव. चाचणी सर्व्हरवर चहा निवायच्या आत अ‍ॅबॉर्ट आला. पुन्हा चालवल्यावर लटकला. तिन्ही दुखणी टेबलावर, भर दिवसा.

एक वेगळंच प्रकरण मात्र निघालं. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरचं बिल्ड पहिल्या सिगहपला टिकायचं आणि दुसऱ्याला ताबडतोब मरायचं. कोअर नाही, हीपची तक्रार नाही, टर्मिनलवर फक्त "हँगअप", आणि एक्झिट कोड १२९. १२८ वजा केले की उरतो १, म्हणजे सिगहपच. कुणी पकडलाच नसल्यासारखा तो प्रोसेसला मारून गेला.

"ताई, हँडलर तर लावलाय. पहिल्यांदा चालतोय पण."

प्रॉकमधली (कर्नल प्रोसेसांची माहिती दाखवतो त्या निर्देशिकेतली) स्टेटस फाइल उघडली. पकडलेल्या सिग्नलांचा मुखवटा (दर सिग्नलला एक बिट) तिथे सोळामानात असतो. सुरुवातीला शेवटचे चार अंक ४००१: सर्वात खालचा बिट सिगहपचा, ४००० म्हणजे पंधरावा, प्रोसेस थांबवायचा सिगटर्म. एक सिगहप पाठवला आणि पुन्हा पाहिलं: ४०००. हँडलर एकदा चालून स्वतःच निघून गेला होता.

हँडलर लावताना सिगअ‍ॅक्शनऐवजी जुनं सिग्नल फंक्शन वापरलं आहे, आणि त्याची वागणूक जीलिबसीमध्ये बिल्डच्या झेंड्यांवर (फ्लॅगांवर) ठरते. सर्व्हरचं बिल्ड जीएनयू-११ मानकाचं. तिथे बीएसडीची रीत मिळते: हँडलर टिकून राहतो आणि अडलेले बरेचसे सिस्टम कॉल आपोआप पुन्हा सुरू होतात. लॅपटॉपवरच्या नव्या सीमेक फाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या) निव्वळ सी-११ आणि सोबत पॉसिक्सचं (युनिक्सांच्या मानकाचं) मॅक्रो आहे. त्या जोडीत सिग्नलचा कॉल गुपचूप सिस्टम-फाइव्हच्या रीतीकडे वळवला जातो: हँडलर एकदाच चालतो, मग सिग्नलची मूळ वागणूक परत येते, आणि सिगहपची मूळ वागणूक म्हणजे मरण. एनएम या अवजाराने दोन्ही बायनरींतली नावं काढल्यावर फरक उघडा पडला. एकीत "सिग्नल" हे नाव, दुसरीत "सिसव्ही-सिग्नल". स्रोत तोच, ओळ तीच.

नव्या कोडमध्ये सिग्नल फंक्शन पूर्ण बंद. सिगअ‍ॅक्शनमध्ये हवे ते झेंडे आपण स्वतः लिहितो, मानक कुठलंही असो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

थ्रेड सॅनिटायझरने बिल्ड केलं आणि फक्त एक सिगहप पाठवला. अहवाल आला: "सिग्नल-अनसेफ कॉल इनसाइड ऑफ अ सिग्नल", खाली एफओपनपासून मॅलॉकपर्यंतचा मार्ग. हे अवजार कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीच काढायला हवं असं वाटण्याइतकं उपयोगी आहे, कारण त्याला शर्यत प्रत्यक्ष घडावी लागत नाही. हँडलरच्या आत मॅलॉक किंवा फ्री दिसला की ते तिथल्या तिथे बोट ठेवतं. हँडलर एर्नो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) बदलून परततो हेही ते सांगतं. ती भानगड आणखी सूक्ष्म: मुख्य कोडमध्ये रीड अपयशी ठरला, तो एर्नो वाचणार तेवढ्यात हँडलरमधल्या कॉलने त्यावर दुसराच आकडा लिहिला, आणि मुख्य कोड भलत्याच चुकीवर इलाज करत बसला.

संध्याकाळी सहकाऱ्याला ओपनएसएसएचचं (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅमचं) प्रकरण सविस्तर सांगितलं, कारण हँडलरमधून लॉग लिहिणं किती साधं वाटतं आणि कुठवर जाऊ शकतं याचं त्याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ते जाहीर केलं. नाव रेग्रेएसएसएच, सुरक्षा त्रुटींच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. लॉगिनसाठी दिलेली मुदत, मुळात १२० सेकंद, संपली की सर्व्हरला सिगअलार्म येतो आणि त्याचा हँडलर सिसलॉगला (सिस्टमच्या लॉगला) नोंद करतो. जीलिबसीचा सिसलॉग आतून मॅलॉक आणि फ्री करतो. आपल्याकडे या खिडकीतून लॉगरोटेट आत येतो. तिथे हल्लेखोर मुद्दाम वेळ साधून येऊ शकत होता आणि लॉगिन न करता रूटचे अधिकार मिळवू शकत होता. ३२-बिट यंत्रावर सरासरी १०,००० प्रयत्नांत शर्यत जिंकता येते असं त्यांनी दाखवलं.

मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू. हेच भोक २००६ मध्ये सीव्हीई-२००६-५०५१ म्हणून सापडून बुजवलेलं होतं. मार्च २०२१ च्या ८.५पी१ आवृत्तीत लॉगिंगच्या कोडची आवराआवर करताना हँडलरला वाचवणारी एक अट निघून गेली, आणि ते ९.८पी१ पर्यंत उघडं राहिलं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमला मात्र धक्का लागला नाही, कारण त्यांच्याकडे हँडलरमधून बोलवता येईल असा सिसलॉगचा वेगळा प्रकार २००१ पासूनच आहे आणि हँडलर तोच वापरतो. इतक्या काळजीने लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक अट पुसली जाते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आपल्या दुरुस्तीत "हँडलरमध्ये हे करू नका" अशी टिप्पणी लिहून भागणार नाही. हँडलरच ठेवायचा नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पर्याय तीन होते.

पहिला: हँडलरमध्ये फक्त एक झेंडा उभारायचा, व्होलाटाइल सिग-अ‍ॅटॉमिक-टी प्रकारचा, आणि मुख्य चक्राने तो पाहून काम करायचं. साधा, पण त्यात एक फट आहे. चक्राने झेंडा पाहिला, खाली होता. आता ते ईपोलवर झोपायला निघालंय, आणि नेमक्या त्या क्षणी सिग्नल आला. झेंडा वर गेला, पण चक्र झोपलं. पुढचं पॅकेट येईपर्यंत लॉग जुन्याच फाइलमध्ये. ईपोल-पीवेट ही फट बुजवतो, कारण मुखवटा बदलणं आणि झोपणं तो एकाच अखंड पावलात करतो.

दुसरा: डी. जे. बर्नस्टाइनचा स्वतःलाच पाइप जोडण्याचा उपाय. हँडलर पाइपमध्ये एक बाइट लिहितो, चक्र ईपोलने तो पाइपही ऐकतं. राइट हा कॉल हँडलरमध्ये चालतो. सगळ्या युनिक्सांवर चालणारा, कसोटीला उतरलेला उपाय.

तिसरा: सिग्नलएफडी, लिनक्सच्या २.६.२२ कर्नलपासून (२००७). सिग्नल मुखवट्याने अडवून ठेवायचे आणि फाइल डिस्क्रिप्टरमधून १२८ बाइटांची रचना वाचावी तसे वाचायचे. हँडलर नाहीच. संकलक लिनक्सबाहेर कुठे चालत नाही, म्हणून हाच घेतला. वाचल्यावर आपण आपल्या नेहमीच्या कोडमध्ये असतो. तिथे एफओपन, लोकलटाइम, काय हवं ते करावं. रचनेत सिग्नल कुणी पाठवला त्याचा पीआयडीही (प्रोसेस क्रमांक) मिळतो, तो आता लॉगमध्ये जातो.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सिग्नलएफडीची ठेच लागली. नवं बिल्ड पहिल्याच सिगहपला १२९ ने मेलं, आणि यावेळी सिसव्ही-सिग्नलचा संबंध नव्हता.

सिग्नल प्रत्येक थ्रेडमध्ये अडवलेला असावा लागतो. प्रोसेससाठी आलेला सिग्नल घ्यायला एक थ्रेड जरी मोकळा असला तरी कर्नल त्याला देतो, आणि हँडलर नसल्याने मूळ वागणूक लागू होते. मरतो तो थ्रेड नाही, अख्खी प्रोसेस. आपण मेनच्या पहिल्या ओळीत मुखवटा लावला होता आणि पुढचे थ्रेड तो वारशाने घेतात. पण प्रॉकच्या टास्क निर्देशिकेत एकेका थ्रेडची स्टेटस फाइल पाहिली तेव्हा एकाचा अडवलेला मुखवटा निव्वळ शून्य. एक लायब्ररी मेन सुरू व्हायच्या आधीच, स्वतःच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, थ्रेड उघडून बसते. ती आता थेट लिंक न करता मुखवटा लावून झाल्यावर डीएलओपनने आणतो. पुन्हा पाहिलं: सगळ्या थ्रेडांच्या अडवलेल्या मुखवट्यात ४००१.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बॅकअपची स्क्रिप्ट थांबवता येईना. संकलक रात्री एक शेल स्क्रिप्ट चालवून डेटाबेसची प्रत काढतो. तिला सिगटर्म पाठवला तरी ती ढिम्म. कारण सरळ आहे. मुखवटा फोर्कमधून (मूल-प्रोसेस काढताना) आणि एक्झेकमधूनही (तिच्यात नवा प्रोग्रॅम चढवताना) पुढे जातो. एक्झेकला हँडलर पुसले जातात, पण अडवलेले सिग्नल अडवलेलेच राहतात. पॉसिक्स-स्पॉनच्या गुणधर्मांत मुलासाठी रिकामा मुखवटा दिला. सिगपाइप (तुटलेल्या जोडणीत लिहिल्यावर येणारा सिग्नल) आपण दुर्लक्षित ठेवतो. ते दुर्लक्षही एक्झेकपलीकडे टिकतं, म्हणून तोही मुलासाठी मूळ वागणुकीवर आणला.

हे नीट केलं आणि स्क्रिप्ट सिगहपला मरू लागली. लॉगरोटेटमधली आज्ञा "सिस्टमसीटीएल किल" अशी आहे, आणि ती मुळात सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेसना सिग्नल पाठवते, फक्त मुख्य प्रोसेसला नाही. कालपर्यंत चुकून वारशाने मिळालेला मुखवटा स्क्रिप्टला वाचवत होता. जुन्या बिल्डमध्ये मुखवटा नव्हता, म्हणून अधूनमधून रात्रीची प्रत अर्धवट का राहायची तेही आज कळलं. आज्ञेत "फक्त मुख्य" असा पर्याय जोडला.

सिगचाइल्डही (मूल-प्रोसेस संपल्याचा सिग्नल) सिग्नलएफडीवर घेतला. साधे सिग्नल रांगेत उभे राहत नाहीत; एक प्रलंबित असताना दुसरा आला तर दोघांचा मिळून एकच राहतो. दोन मुलं एकदम संपली तर निरोप एकच. म्हणून निरोप आला की वेटपिड न थांबण्याच्या पर्यायासह चक्रात फिरवायचा, कुणी उरत नाही तोवर.

दुपारी त्या जुन्या सिगसेगव्ही हँडलरचं काय करायचं यावर बोलणं झालं. सहकाऱ्याचं म्हणणं, निदान एक ओळ तरी लॉगमध्ये जावी. ठेवायचाच असेल तर एवढाच: राइटने ठरलेला मजकूर लिही, मूळ वागणूक परत लाव, सिग्नल पुन्हा उठव आणि कर्नलला कोअर लिहू दे. स्टॅकच संपल्यामुळे आलेला सेगफॉल्ट पकडायचा तर हँडलरला वेगळा स्टॅकही द्यावा लागतो, नाहीतर तो चढणार कुठे? त्याचं मापही जुन्या सवयीने देऊन चालत नाही. पूर्वीचा किमान आकडा २०४८ बाइट. एव्हीएक्स-५१२ असलेल्या प्रोसेसरची ६४ बाइटांची ३२ रजिस्टरंच तेवढी जागा खातात आणि सिग्नलच्या चौकटीत ती सगळी जतन करावी लागतात. जीलिबसी २.३४ पासून (२०२१) हे माप सिसकॉन्फला विचारून घेता येतं. सगळं ऐकून तोच म्हणाला, "मग कोअरच बरी." हँडलर परत आला नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

पॅकेटांचा मारा आणि दहा मिलिसेकंदांचा सिगहप कालपासून रात्रभर चालू ठेवला. प्रोसेस तीच, पीआयडी तोच, पाठवलेलं प्रत्येक वाचन डेटाबेसात. प्रोसेसचा आकार स्थिर, म्हणजे फाइल उघडून बंद करण्यात गळतीही नाही. थ्रेड सॅनिटायझर गप्प.

तोच मारा आता रोजच्या बिल्डच्या चाचण्यांत घातला आहे, सोबत एक तपासणी: बायनरीच्या नावांत सिग्नल किंवा सिसव्ही-सिग्नल दिसलं की बिल्ड नापास. ओपनएसएसएचमध्ये निघून गेलेली अट डोळ्यांसमोर होती म्हणून ही यंत्राच्या हाती दिली.

दुपारी खऱ्या सर्व्हरवर चढवलं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

रात्री बारा वाजून पंधरा मिनिटांनी, केंद्रांची पॅकेटं येत असतानाच सिगहप आला. लॉगमधली ओळ: "सिगहप, पाठवणारा पीआयडी १, लॉग पुन्हा उघडला." पीआयडी १ म्हणजे सिस्टमडी, अपेक्षेप्रमाणे. त्याच मिनिटातली सगळ्या केंद्रांची वाचनं जागेवर आहेत आणि पर्णओलाव्याचा आलेख सकाळपर्यंत सलग आहे. बागायतदारांना तसं कळवलं.

नंतर बाकीच्या प्रोग्रॅमांत सिग्नल फंक्शन शोधलं. वाचनं मोबाइल अ‍ॅपकडे पाठवणाऱ्या प्रेषकात सिगअलार्मचा हँडलर सापडला. मुदत संपली की तो लोकलटाइमने वेळ काढून सिसलॉगला लिहितो. त्याचा अलार्म टायमरएफडीवर (सिग्नलएफडीसारखाच, पण टायमरसाठीचा) नेण्याचं काम सहकाऱ्याने घेतलंय. तोवर प्रेषकाची मुदत वाढवून ठेवली आहे आणि कोअर फाइली चालू केल्या आहेत.